दोर धरून थांबलेली माणसं

प्रस्तरारोहणाचा कुठलाही फोटो घ्या. कातळावर एकटा माणूस दिसतो. हात ताणलेले, बुटाचं टोक इंचभर कपारीत, खाली दरी. त्याच्या कमरेपासून दोर खाली येतो आणि फोटोच्या कडेला संपतो. दोराचं दुसरं टोक ज्याच्या हातात असतं, तो फोटोत नसतो.

माझी कॉलेजची आणि त्यानंतरची काही वर्षं त्या कडेच्या बाहेर गेली. मी लीड क्लाइंबर, म्हणजे सगळ्यांच्या पुढे चढणारी, कधीच नव्हते. मी सेकंड, म्हणजे खाली उभं राहून बिले द्यायचा (चढणाऱ्याचा दोर धरून, तो पडला तर त्याला थांबवायचं), पुढच्याची चढाई झाली की मागून जायचं आणि वाटेतलं सामान सोडवत वर पोचायचं. मला हे काम मनापासून आवडायचं आणि अजूनही त्याबद्दल बोलायला लागले की मी थांबत नाही. आमच्या ग्रुपमधली आम्ही काहीजणं आज साठीच्या आसपास आहोत आणि एकमेकांना धरून आहोत. लोक म्हणतात, एकत्र संकटं झेललीत म्हणून तुमची मैत्री टिकली. मला ते कधी पटलं नाही. संकटाचे क्षण फार थोडे होते. सह्याद्रीत चढणं कमी आणि थांबणं जास्त असतं, आणि आमची मैत्री त्या थांबण्यातून झाली.

ऐंशीच्या दशकाचा उत्तरार्ध होता. पुण्यात गिर्यारोहणाच्या संस्था उभ्या राहत होत्या. गिरिप्रेमी १९८२ सालची. कॉलेजांमधून हायकिंगचे ग्रुप होते, कात्रज ते सिंहगड रात्रीतून चालत जाणं हा आम्हा पुणेरी पोरांचा पहिला धडा. तिथून पुढे कुणी किल्ल्यांकडे वळायचं, कुणी इतिहासाकडे, काही थोडे कातळाकडे. कॉलेजच्या नोटीस बोर्डावर 'प्रस्तरारोहण प्राथमिक शिबिर, स्थळ वेताळ टेकडी' एवढंच लिहिलेलं होतं. भावाची जुनी पँट घालून मी गेले. आईनं एकच अट घातली होती, अंधार पडायच्या आत घरी.

वेताळ टेकडीवरच्या दगडाच्या खाणीत आमचं शिक्षण झालं. आजूबाजूला सकाळी फिरायला आलेली कोथरूड-एरंडवण्याची मंडळी थांबून बघायची. शिकवणारे होते त्यांना सगळे मास्तर म्हणत. ते उत्तरकाशीला नेहरू इन्स्टिट्यूटमध्ये कोर्स करून आलेले, आमच्यापेक्षा बरेच मोठे, नोकरी करणारे, शांत आवाजाचे. (या लेखात सगळ्यांची टोपणनावंच येतील. आमच्यात खरी नावं लग्नपत्रिकेवर वाचूनच कळायची.)

मास्तरांनी पहिल्या रविवारी कुणालाही कातळाला हात लावू दिला नाही. दिवसभर गाठी. फिगर ऑफ एट, बोलाइन, क्लोव्ह हिच, फिशरमन्स नॉट. डोळे मिटून, हात पाठीमागे घेऊन, कुणीतरी मध्येच प्रश्न विचारत असताना. "रात्री, पावसात, घाबरलेली असताना गाठ मारता आली तर ती येते म्हणायचं," असं ते म्हणत. दुसऱ्या रविवारीही चढाई नाही. त्या दिवशी बिले.

आजच्या मुलांना सांगावं लागतं की तेव्हा आमच्याकडे बिले देण्याचं उपकरण नव्हतं. शरीरच उपकरण. स्वतःला मागे एखाद्या पिटॉनला (भेगेत ठोकलेल्या खिळ्याला) किंवा झाडाला बांधून घ्यायचं, दोर पाठीमागून कमरेभोवती घ्यायचा. एक हात चढणाऱ्याकडे जाणाऱ्या दोरावर, दुसरा ब्रेकचा. चढणारा पडला तर ब्रेकचा हात पोटाशी आणायचा, म्हणजे दोर कमरेला आवळतो आणि घर्षणानं थांबतो. वेल्डिंगवाले वापरतात तसे चामड्याचे हातमोजे घालायचे. आणि काहीही झालं, माशी नाकावर बसली, डोळ्यात माती गेली, तरी ब्रेकचा हात दोरावरून उचलायचा नाही.

हे शिकवायला मास्तरांनी वाळूनं भरलेलं पोतं खाणीच्या काठावर नेऊन दोराला बांधलं. दोर आमच्या कमरेला. पोतं कधी ढकलणार ते सांगायचे नाहीत. पाच मिनिटं जायची, दहा जायची. वरून कुणाशी तरी गप्पा मारल्याचा आवाज यायचा. मग अचानक पोतं यायचं आणि आपण जागच्या जागी ओढले जायचो. पहिल्यांदा बहुतेकांच्या हातून दोर पाच-सहा फूट तरी सरकला. एक मुलगा चिडून म्हणाला, "सर, सांगून ढकला ना!" मास्तर वरून म्हणाले, "कडा सांगून ढकलतो का?"

मला त्या दिवशी कळलं की माझा स्वभाव या कामाला जुळतो. मी कंटाळत नाही. माझं लक्ष भरकटत नाही. अभ्यासात, गाण्याच्या क्लासात कुणी हा गुण म्हणून ओळखला नव्हता. मास्तरांनी ओळखला. पुढच्या रविवारी त्यांनी मला काडीच्या जोडीला दिलं.

काडी म्हणजे अंगानं काडी, पण कातळावर चढताना बघावं असा. घाई नाही, झटापट नाही. तीन आधार पक्के ठेवून चौथा हलवायचा हा नियम आम्हा सगळ्यांना पाठ होता, त्याच्या अंगात होता. पायांवर चढायचं आणि हातांनी फक्त तोल सांभाळायचा हे मास्तर घसा कोरडा होईपर्यंत सांगत, आणि आम्ही सगळे हातांनी लोंबकळत दमून जायचो. काडी दमायचा नाही. त्याच्या पायात बाकी सगळ्यांसारखेच हंटर शूज होते.

सामानाची गोष्ट सांगायलाच हवी, कारण मैत्रीचा मोठा भाग त्यात गेला. चढाईसाठीचा चांगला दोर म्हणजे डायनॅमिक दोर. माणूस पडला की तो ताणला जातो आणि झटका स्वतःत जिरवतो. साधा दोर तसा ताणला जात नाही, बहुतेक झटका माणसाच्या कमरेला आणि वरच्या खिळ्याला बसतो. हा डायनॅमिक दोर परदेशातून यायचा आणि त्याची किंमत ऐकून आम्ही गप्प बसायचो. ग्रुपमध्ये वर्गणी काढून एक घेतला, आणि तो एखाद्या घरात ठेवायचा नाही, आठवडा-आठवडा फिरवायचा असं ठरलं. ज्याच्याकडे दोर, त्याच्या घरी बुधवारी सगळे जमायचे. दोर पूर्ण सोडून हातातून इंच-इंच सरकवत तपासायचा. कुठे मऊ लागतोय, कुठे फुगलाय, आवरणाचा धागा कुठे सुटलाय. मास्तर तपासताना कुणी बोलत नसे. नंतर चहा आणि त्या घरातल्या काकूंनी जे केलं असेल ते. आम्ही एकमेकांची घरं अशी ओळखली, सदाशिव पेठेतल्या वाड्यापासून पिंपरीतल्या कामगार वसाहतीपर्यंत.

बाकीचं सामान पुण्यातच जमायचं. स्लिंगसाठी (अडकवायच्या पट्ट्यांसाठी) टेप, हातोडी, साखळ्या असलं काही बोहरी आळीत. कातळात ठोकायचे बोल्ट आणि त्यांना दोर अडकवायचे हँगर इंजिनियर करून आणायचा, हेही टोपणनावच. तो भोसरीतल्या एका वर्कशॉपमध्ये शिकाऊ होता, सुट्टीच्या दिवशी मालकाच्या परवानगीनं लेथवर उभा राहायचा. प्रत्येक बोल्ट तो आधी वर्कशॉपच्या अंगणातल्या दगडात ठोकून, त्याला वजन टांगून बघायचा. कड्यावर ज्यांच्या जिवावर आम्ही लोंबकळलो ते बोल्ट कुणी केले हे आम्हाला माहीत होतं, त्याच्या नखांतलं काळं ग्रीससुद्धा माहीत होतं.

सह्याद्रीचा कातळ म्हणजे बेसॉल्ट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचून झालेला. कडक थर, मग मऊ, भुसभुशीत थर, मग पुन्हा कडक. पावसाळ्यात चार महिने पाणी झिरपतं, भेगांत गवत रुजतं, आणि वरवर घट्ट वाटणारी पकड हातात निघून येते. म्हणून इथे प्रत्येक दगड आधी थोपटून बघायचा. भरीव आवाज आला तर वजन द्यायचं, पोकळ आला तर सोडायचा. भेगा कमी, त्यामुळे पिटॉन ठोकायला जागा कमी. जिथे काहीच नाही तिथे बोल्ट. आणि तेव्हा बोल्ट हातानं मारायचा. लोखंडी ड्रिल कातळावर धरायचं, हातोडी मारायची, किंचित फिरवायचं, पुन्हा मारायची, भोकातली पूड फुंकून काढायची. एका बोल्टला अर्धा तास. कातळ कठीण लागला तर पाऊण. तेवढा वेळ काडी एका पायाच्या टोकावर आणि मागच्या बोल्टला अडकवलेल्या स्लिंगवर तोलून वर ठोकत असायचा आणि आम्ही खाली थांबलेलो असायचो.

काडीच्या मुलीनं परवा मला विचारलं, "मावशी, तुम्ही लोक दिवसभर खाली करायचात काय?"

काय करायचो? मी दोराकडे बघत असायचे. वारा असला की हाका ऐकू येत नाहीत. "स्लॅक" (दोर सैल सोड), "टाइट" (आवळून धर) हे शब्द अर्ध्यात विरतात. मग दोरच सांगतो. दोर हळूहळू एकसारखा वर जातोय म्हणजे पुढे सोपं आहे. थोडा गेला, परत आला, पुन्हा थोडा गेला म्हणजे तो पकड चाचपतोय. बराच वेळ काही नाही आणि मग दोन फूट एकदम म्हणजे अवघड जागा पार झाली. काडी दमला की दोरात एक बारीक कंप यायचा, पाय थरथरल्याचा. त्याच्या चेहऱ्यावर तो कधीच दिसायचा नाही. मला मात्र कळायचा आणि मी आपोआप पाय रोवायचे. मोटरसायकलवर मागे बसणाऱ्या माणसाला चालवणाऱ्याचं मन पाठीवरून कळतं, तसंच काहीसं.

आणि बाकीचे माझ्या शेजारी बसून बोलायचे. माझे डोळे दोरावर, कान त्यांच्याकडे. समोरासमोर बसून माणसं जे बोलत नाहीत ते अशा वेळी बोलतात, कारण ऐकणारी आपल्याकडे बघत नसते. इंजिनियरच्या वडिलांची नोकरी गेल्याचं मला तिथे कळलं. एका मैत्रिणीनं घरच्यांना न सांगता कोर्टात लग्न करायचं ठरवलंय हे मला तिच्या आईच्या किती तरी आधी माहीत होतं. मास्तरांना मूलबाळ नव्हतं आणि ते त्याबद्दल एकदाच बोलले, तेही एका बोल्टच्या वेळात. वर ठकठक थांबली तसे तेही थांबले.

पुण्यात वाढलेल्या प्रत्येक मुलानं सिंहगडाची गोष्ट ऐकलेली असते. १६७० सालची माघातली रात्र, डोणागिरीचा कडा, दोर लावून वर गेलेले तानाजी मालुसऱ्यांचे मावळे. लहानपणी मला त्यात फक्त वर चढून गेलेला पहिला माणूस दिसायचा. कातळावर जायला लागल्यावर मी एकदा थंडीत त्या कड्याखाली उभी राहिले आणि माझ्या मनात आले ते खाली थांबलेले मावळे. अंधारात, आवाज न करता, आपली पाळी येईपर्यंत. दोराला हात लागेपर्यंत त्यांना काहीच करता येत नव्हतं. सगळी मोहीम त्या थांबण्यावर उभी होती. हे मी मास्तरांना सांगितलं तेव्हा ते नुसतं "हं" म्हणाले, पण त्यानंतर नव्या मुलांना ते ही गोष्ट अशीच सांगू लागले.

आता तैलबैल्याची गोष्ट सांगते. इतर चढाया मी थोडक्यात सांगीन. लिंगाणा, नाणेघाटाजवळचा वानरलिंगी, नागफणी, प्रत्येकाची आठवण वेगळी आहे. तैलबैला मात्र माझा आहे.

लोणावळ्याच्या दक्षिणेला, घाटमाथ्याच्या अगदी कडेला पठारावर दोन भिंती उभ्या आहेत. जमिनीतल्या उभ्या भेगेत लाव्हा शिरून थिजला, तो आजूबाजूच्या थरांपेक्षा कठीण होता, बाजूचं सगळं झिजून गेलं आणि ही भिंत उरली. भूगर्भवाले त्याला डाईक म्हणतात. मध्ये खिंड आहे, तिथे भैरोबाचं ठाणं आणि पाण्याचं टाकं. खिंडीत उभं राहिलं की पलीकडे सुधागड आणि खाली कोकण. सवाष्णी घाटानं पूर्वी माणसं याच बाजूनं खाली उतरायची.

जानेवारी होता, संक्रांत नुकतीच झालेली. लोकलनं लोणावळा, तिथून एसटी, मग सॅक पाठीवर घेऊन चालत. गावात एका घराच्या ओसरीवर मुक्काम. त्या घरातल्या आजींनी माझ्या कमरेचा हार्नेस हातात घेऊन बघितला. "आगं पोरी, तू बी जानार व्हय वर?" मी हो म्हटलं. "तुझ्या आयशीला ठाव हाय?" तेही हो म्हटलं. मग त्यांनी ताकाचं भांडं पुढे केलं आणि म्हणाल्या, "भैरोबाला इचारून जा. आन मोहळाला धक्का लावू नगासा." मोहोळाचं त्यांनी उगाच सांगितलं नव्हतं. आग्या मोहोळाच्या माशा उठल्या तर कड्यावर लटकलेल्या माणसाला पळायला जागा नसते. मास्तर आदल्या संध्याकाळी दुर्बीण घेऊन सगळी भिंत बघून आले आणि पोळी ज्या बाजूला होती ती बाजू सोडून मार्ग ठरवला. धूर नाही, आरडाओरडा नाही, अत्तर-पावडर नाही.

पहिला दिवस बोल्ट मारण्यात गेला. ऊन भिंतीवर आलं, तापलं, पलीकडे गेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी काडी आदल्या दिवशीच्या शेवटच्या बोल्टच्या वर निघाला. मी खिंडीच्या वरच्या एका अरुंद पायरीवर, मागे पिटॉनला बांधलेली. वारा कोकणातून येत होता. दोर थोडा-थोडा वर जात होता. मग थांबला. परत आला. पुन्हा गेला. पाय थरथरल्याचा तो कंप आला आणि मी पाय रोवले.

"स्टोन!"

विटेएवढा दगड माझ्या डाव्या बाजूनं गेला. त्याचा आवाज खालून येण्याआधी वजन आलं. मी पुढे खेचली गेले, मागची स्लिंग ताठ झाली, दोर हातमोज्यातून वीतभर सरकला आणि थांबला. तेवढंच. नंतर हिशोब केला तर काडी बारा-पंधरा फूट खाली आला असेल. त्याची पकड हातात निघून आली होती. थोपटून बघितली होती, भरीव आवाज आला होता, तरी निघाली. कातळ असाच असतो.

काडी तोंड भिंतीकडे करून लटकत होता. खाली कुणी काही बोललं नाही. मास्तर माझ्या मागे येऊन उभे राहिले, त्यांनी माझ्या खांद्याला हात लावला नाही की शाबास म्हटलं नाही. मला मागे पिटॉनला बांधलेली गाठ तपासली आणि बाजूला झाले. बराच वेळ गेला. माझ्या कमरेला दोर रुतला होता, उजव्या हाताची बोटं बधिर होत होती आणि मला कशाचीच घाई नव्हती. शेवटी वरून आवाज आला, "टाइट ठेव." मग दोराचं वजन कमी झालं आणि तो पुन्हा हळूहळू वर जायला लागला.

दुपारी आम्ही माथ्यावर होतो. वाऱ्यानं उभं राहवत नव्हतं. संध्याकाळी ओसरीवर जेवताना काडीनं त्याच्या आईनं दिलेली गुळपोळी डब्यातून काढून माझ्या ताटात ठेवली. गुळपोळी हा त्याचा जीव की प्राण हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. त्यानंतर इतक्या वर्षांत त्या पडण्याबद्दल आम्ही दोघं एकमेकांशी बोललेलो नाही, पण दर संक्रांतीला त्याच्या घरून माझ्या घरी डबा येतो. आधी त्याची आई पाठवायची, आता बायको पाठवते. ती एकदा मला म्हणाली, "का पाठवायचा ते मी विचारलं नाही. चुकवायचा नाही एवढं कळलं."

त्या दोराचा काळा-निळा पट्टा माझ्या कमरेवर आणि तळव्यावर बरेच दिवस होता. घरी स्थळं बघायला सुरुवात झाली होती. आत्यानं हात बघून विचारलं, "भांडी घासतेस की खाणीत जातेस?" मी म्हटलं, "खाणीतच." पुढे माझं लग्न झालं ते गिर्यारोहणाशी काही संबंध नसलेल्या माणसाशी, आणि तो आजतागायत आमच्या बुधवारच्या बैठकीत चहा करतो.

नव्वदच्या दशकात ग्रुप पांगला. नोकऱ्या, बदल्या, मुलं. पुण्याचा सुरेंद्र चव्हाण १९९८ साली एव्हरेस्टवर पोचला तेव्हा आम्ही सगळे पुन्हा एकदा एकत्र जमलो. चौदा वर्षांनी, २०१२ मध्ये, गिरिप्रेमीची मुलं एव्हरेस्टवर गेली तेव्हाही तसंच. कुणाच्या तरी यशाचं निमित्त करून आम्ही आमच्या खाणीकडे बघून यायचो.

सगळी मैत्री टिकली असं मी म्हणणार नाही. आमच्यातले दोघं फार चांगले क्लाइंबर होते, काडीच्या तोडीचे. आज ते कुठे आहेत हे मला ऐकून माहीत आहे. ते दोघं चढायला यायचे. आपली चढाई झाली की खाली येऊन पाय पसरून झोपायचे किंवा पुढच्या मोहिमेचं बोलायचे. बोल्टच्या वेळात ते आमच्यात नसायचे. त्यात वाईट काही नाही. पण जे उरले त्यांची नावं मी मनात मोजते तेव्हा सगळी थांबलेली माणसं निघतात.

आणि भांडणंही झाली. इंजिनियरनं पुढे नागफणीला शनिवार-रविवार पैसे घेऊन लोकांना रॅपलिंग, म्हणजे दोरावरून कडा उतरणं, करून आणायला सुरुवात केली. काडीला ते अजिबात पटलं नाही. त्याचं म्हणणं, माणसाला गाठ मारायला न शिकवता दरीत सोडायचं म्हणजे त्याला फसवायचं. इंजिनियरचं म्हणणं, त्या शंभरातला एक तरी शिकायला परत येतो आणि मला घर चालवायचंय. दोघांचंही खरं आहे असं मला तेव्हाही वाटायचं. माझा कल जरा काडीकडे होता आणि तो मी लपवला नाही. काही वर्षं ते एकमेकांशी बोलत नव्हते. बुधवारी एक आला तर दुसरा यायचा नाही.

मग मास्तरांना पक्षाघात झाला. वहिनींनी पहाटे मला फोन केला. मी काडीला केला, काडीनं इंजिनियरला. इतक्या वर्षांनी त्यानं लावलेला फोन फार छोटा होता असं मला नंतर कळलं. "मास्तर ॲडमिट आहेत. दुपारची पाळी तुझी." एवढंच.

हॉस्पिटलमध्ये अतिदक्षता विभागाच्या बाहेर बसणारी माणसं मी बघितली आहेत. ती येरझाऱ्या घालतात, दर दहा मिनिटांनी दार उघडलं की उठतात, एकमेकांना तेच-तेच विचारतात आणि दुसऱ्या दिवशी गळून जातात. आमच्या लोकांना कुणी काही शिकवावं लागलं नाही. पाळ्या लागल्या. ज्याची पाळी तो जागा सोडत नाही, पुढचा येऊन शेजारी बसेपर्यंत उठत नाही. पाणी, डबा, फाइल, औषधांच्या चिठ्ठ्या एका सॅकमध्ये, सॅक पाळीबरोबर पुढे. वहिनींना घरी पाठवून झोपवायचं. तिथल्या एका नर्सताईनं मला विचारलं, "तुम्ही सगळे एका घरातले का?" काडी आणि इंजिनियर बाकावर शेजारी-शेजारी बसलेले होते, दोघांची नजर त्या दारावर. नागफणीबद्दल त्यांचं आजही पटत नाही. ते आता बोलून भांडतात.

मास्तर घरी आले. डावा हात पूर्ण आला नाही, बोलणं जरा सावकाश झालंय, बाकी सगळं शाबूत. बुधवारी आता कोथरूडला त्यांच्याकडेच जमतो.

काडीची मुलगी शहरातल्या कृत्रिम भिंतीवर चढते. तिला बघायला मी जाते तेव्हा माझी छाती भरून येते. आमच्या वेळच्या कुणालाही जमलं नसतं अशा जागी ती बोटांच्या टोकांवर स्वतःला तोलते. टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये हा खेळ आला तेव्हा ती खिळून बघत होती. या कृत्रिम भिंतींवर काही ठिकाणी आता यंत्रच बिले देतं. वर टांगलेला पट्टा कमरेला अडकवायचा, पडलं की तो सावकाश खाली सोडतो. सोय फार चांगली आहे, एकट्यानं येऊन सराव करता येतो, आणि यंत्राचं लक्ष विचलित होत नाही. तरी मला बघताना चुकल्यासारखं होतं. खाली कुणीच नाही. तिनं उतरल्यावर कुणाला सांगायचं की ती तिसरी पकड कशी निसटत होती? एकदा ती म्हणाली, "मावशी, आज तू देशील बिले?" उपकरण हातात घेतलं, ते आमच्या कमरेपेक्षा कितीतरी सुरक्षित आहे, ते शिकायला मला वेळ लागला नाही. ब्रेकचा हात मात्र तोच. ती वर गेली आणि दोर हातातून सरकायला लागला, आणि एका अवघड वळणावर तो कंप आला. बापाचाच कंप. मी पाय रोवले. तिला हे काहीच माहीत नव्हतं. त्या दिवसापासून ती यंत्रावर कमी जाते आणि मला फोन जास्त करते.

तिला तैलबैला करायचाय. या जानेवारीत. आम्ही वर जाणार नाही, खिंडीपर्यंत नक्की जाणार. तिनं तिचा दोर मास्तरांना दाखवायला आणला. त्यांनी तो पूर्ण सोडायला लावला आणि उजव्या हातानं इंच-इंच तपासला. डाव्या हातानं धरायचं काम इंजिनियरनं केलं. तपासून झाल्यावर त्यांनी विचारलं, किती वर्षांचा, यावर किती वेळा पडलीस, धुतलास कशानं. तिनं सगळं खरं सांगितलं. "हा भिंतीवर वापर," मास्तर म्हणाले, "कड्यावर नको." ती जरा हिरमुसली, कारण दोर दिसायला अगदी नवा होता. मग वर्गणी निघाली. साठ मीटरचा नवा दोर आला. तिनं पैसे देऊ केले तर इंजिनियरनं घेतले नाहीत. तिचे घ्यावेत आणि सगळ्यांइतकेच घ्यावेत असं माझं मत होतं, आणि शेवटी तसंच झालं.

आमचे तिथले जुने बोल्ट इतक्या पावसाळ्यांनी गंजले असणार. त्यांच्यावर कुणी भार टाकायचा नाही हे पहिल्याच बैठकीत ठरलं. नवे स्टेनलेस स्टीलचे मारायचे. किती आणि कुठे यावर काडी आणि इंजिनियर यांचं गेले दोन बुधवार चालू आहे. काडी म्हणतो, कमीत कमी. इंजिनियर म्हणतो, पोरगी आपली आहे, मी दोन जास्त मारणार. मोहोळं कुठल्या बाजूला बसलीत हे बघायला इंजिनियर डिसेंबरात एकदा पुढे जाऊन येईल. त्या आजी आता नाहीत, त्यांच्या नातवाशी फोनवर बोलणं झालंय, ओसरी मिळेल.

ड्रिल आता बॅटरीवर चालतं. जिथे अर्धा तास लागायचा तिथे बोल्टचं भोक मिनिट-दोन मिनिटांत होतं. काडीच्या मुलीनं हिशोब करून सांगितलं की दोन दिवस लागणारच नाहीत, दुपारपर्यंत सगळे खाली.

मास्तरांनी तिचं पूर्ण ऐकून घेतलं. मग सावकाश म्हणाले, "पाणी दोन दिवसांचंच न्या."

तिनं यादीत लिहून घेतलं.